शवासनात डोळे मिटले की बाबा दिसतात

नमस्कार ताई,

मी मिरजेची, वय ५२. दीड वर्षापासून घराजवळच्या हॉलमधल्या योगा क्लासला जाते, सकाळी सव्वासहाची बॅच, आम्ही पंधरा-सोळा बायका आणि दोन रिटायर्ड काका. सर चांगले आहेत, तळमळीने शिकवतात, पण प्रत्येक आसनाचा आध्यात्मिक अर्थ सांगतात आणि तो मनात धरूनच आसन करायचं असा त्यांचा आग्रह असतो. वृक्षासन म्हणजे स्थितप्रज्ञ, वीरभद्रासन म्हणजे अहंकाराचा वध, शवासन म्हणजे मरणाची रंगीत तालीम. माझ्या डोक्यात तेव्हा डबा, गॅसचा नंबर लावायचाय, पाणी कधी येणार हेच चालू असतं, खोटं कशाला बोलू.

खरा प्रॉब्लेम पुढेच आहे. श्रावणात माझे बाबा गेले. भावाने मला फार उशिरा कळवलं, दोन दिवस सिरियस होते तेही सांगितलं नाही, मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं. तेव्हापासून क्लासमध्ये शवासन आलं, सरांनी उदबत्ती लावली, बासरी लावली आणि 'आता तुम्ही नाही आहात' असं म्हणाले की मला घाम फुटतो, डोळे मिटले की बाबा दिसतात. दोनदा बाथरूमचं निमित्त काढून बाहेर जाऊन उभी राहिले. सरांना सांगितलं तर म्हणाले ही आसक्ती आहे, ती सुटणं हाच शवासनाचा अर्थ. शिवाय उजव्या गुडघ्यामुळे पद्मासन जमत नाही, त्यावर म्हणाले पद्मासनाशिवाय पुढचं दार उघडत नाही. सासूबाईंचं तिसरंच, ही कवायत आहे गं, त्यापेक्षा हरिपाठ म्हण.

हे अर्थ खरे असतात का? की मलाच झेपत नाहीत? क्लास सोडू का?

ता. क. जेवणानंतर वज्रासनात बसलं तर चालतं ना?

*

अहो ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या उदबत्तीशी अडकले. तुम्ही सगळं नीट लिहिलंयत पण हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आपल्याकडे माणूस गेलं की त्याला खाली घेतात, उताणं निजवतात, उशाशी दिवा आणि उदबत्ती. तुम्ही माहेरी पोचलात तेव्हा दारातून आधी काय आलं असेल तर तो वास आला असणार. आणि आता रोज सकाळी तुम्हाला जमिनीवर उताणं निजवलं जातं, उदबत्ती लागते आणि वर कुणीतरी सांगतं की तुम्ही नाही आहात. मग घाम फुटणार नाही तर काय होणार! यात आसक्ती कुठली आली, नाकाला वास ओळखता येतो आणि पाठीला फरशी ओळखता येते, एवढंच आहे हे.

म्हणून बाकी अर्थबिर्थ नंतर बघू, आधी उद्या सकाळी सरांना एवढंच सांगा की सर, शेवटी उदबत्ती लावू नका, किंवा लावायचीच असेल तर क्लास सुरू व्हायच्या आधी लावून विझू दे. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका, धुराने खोकला येतो म्हणा, हल्ली निम्म्या लोकांना येतोच. दुसरं, शवासन काही दिवस उताणं करूच नका. कुशीवर झोपा, डावी कूस, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर, डोळे उघडे ठेवले तरी हरकत नाही. नाहीतर मकरासन करा, पालथं पडायचं, हातांची घडी, तिच्यावर कपाळ, पाय सैल. पोट जमिनीला टेकलेलं असलं की श्वास घेताना जमीन आपल्याला ढकलते, ते कळतं, आणि माणूस जिवंत आहे याची त्याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही.

आता सरांच्या रंगीत तालमीबद्दल. शवासनाचा सगळ्यात ओळखीचा जुना श्लोक हठप्रदीपिकेत आहे, स्वात्मारामांचा, हठयोगावरचा साधारण पंधराव्या शतकातला ग्रंथ. त्यात काय म्हटलंय बघा, उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम्, म्हणजे प्रेतासारखं जमिनीवर उताणं पडणं ते शवासन. आणि पुढे त्याचा उपयोग, शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्. थकवा घालवतं, मनाला विश्रांती देतं. संपलं! मरणाचं चिंतन करा, मी नाही असं म्हणा, आसक्ती तोडा, यातलं अक्षरही तिथे नाही. 'शववत्' हा शब्द पडायचं कसं ते सांगतो, ओंडक्यासारखा झोपला म्हणतो ना आपण, तसा. घेरंडसंहिता म्हणून हठयोगाचाच दुसरा जुना ग्रंथ आहे, त्यात याच आसनाला मृतासन म्हटलंय, तिथेही काम तेच. मरणाचं ध्यान ही आपल्याकडे स्वतंत्र आणि जुनी वाट आहे, स्मशानात जाऊन बसणारेही होऊन गेलेत, पण ज्याचा बाप नुकताच गेलाय त्याला सकाळी सव्वासात वाजता बासरी लावून ती वाट दाखवू नये. हे सरांना कुणीतरी सांगायला हवं, आणि तुम्हाला जमत नसेल तर त्या रिटायर्ड काकांना सांगा, त्यांना असलं बोलायला आवडतं.

आणि गंमत म्हणजे शवासनात आणि त्या दिवशीच्या बाबांमध्ये एक फरक आहे तो मला मुद्दाम सांगायचाय, वाचायला कठीण वाटलं तर या चार ओळी सोडून पुढे जा. गेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे जोडून बांधतात. शवासनात पाय लांब लांब असतात, चवडे बाहेर पडलेले, जसे दमून आलेल्या माणसाचे पडतात. माझी आई गेल्यावर मलाही कित्येक महिने हे आसन नकोसं व्हायचं, तेव्हा मी पडल्या पडल्या आधी अंगठे हलवून बघायचे. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप व्हायचं. तुम्हालाही करावंसं वाटलं तर करा.

बरं, आता तुमचा मोठा प्रश्न, हे अर्थ खरे असतात का. काही खरे आणि जुने, काही खरे पण नवे, आणि काही कुणीतरी गेल्या आठवड्यात रीलमध्ये ऐकलेले. तिघांची एकाच मॅटवर मिसळ झालीये म्हणून गोंधळ होतो.

मुळापासून बघा. पतंजलींची योगसूत्रं १९५-१९६, त्यात आसनाबद्दल फक्त तीन. स्थिरसुखमासनम्, हे सगळ्यांना पाठ असतं, भिंतीवर पण लावतात. स्थिर आणि सुखाचं ते आसन. त्याच्या पुढचं सूत्र मात्र फारसं कुणी वाचत नाही, प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्. प्रयत्न सैल सोडल्याने आणि अनंताशी मन एक झाल्याने आसन साधतं. तिसऱ्यात सांगितलंय की मग थंडी-ऊन, सुख-दुःख असली द्वंद्वं झोंबत नाहीत. तिन्ही सूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही, हे लक्षात घ्या.

यातला 'अनंत' हा मात्र खरा जुना प्रतीकाचा भाग आहे, आणि फार सुंदर आहे. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही तो, असा एक अर्थ. दुसरा अर्थ शेषनाग, त्याचं नावच अनंत. जुने टीकाकार म्हणतात की हजार फण्यांवर पृथ्वी धरून जो हलत नाही त्याच्यावर मन ठेवा. विचार करा, डोक्यावर पृथ्वी आणि चेहऱ्यावर ताण नाही, वर त्याच्या अंगावर विष्णू झोपलेला! आणि पतंजली स्वतःच शेषाचे अवतार अशी कथा आहे, म्हणून त्यांची मूर्ती कमरेखाली सापाची असते. आपल्या घरात ज्या बाईच्या डोक्यावर डबा, गॅस, पाणी, सासूबाईंची गोळी आणि महिन्याअखेरचा हिशोब असतो तिला हे प्रतीक कुणी समजावून सांगायची गरज नसावी असं मला वाटतं. पण मुद्दा असा की तिथे आधी प्रयत्न सैल करायला सांगितलाय. दात-ओठ खाऊन एका पायावर उभं राहायचं आणि तशात स्थितप्रज्ञाचा विचार पण करायचा, हे सूत्राच्या उलटं झालं.

वृक्षासनाचंच घ्या. घेरंडसंहितेत ३२ आसनं सांगितलीत त्यात हे आहे. वर्णन काय, तर उजवा पाय डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवून जमिनीवर झाडासारखं उभं राहायचं. बस्स. स्थितप्रज्ञ त्यात सरांनी आणून बसवलाय. एका पायावर उभं राहणं ही आपल्याकडे तपाची खूण, ती मात्र फार जुनी. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं एक प्रचंड शिल्प आहे, त्यात एक तपस्वी एका पायावर, हात वर करून उभा आहे, बरगड्या दिसतायत. कुणी म्हणतं अर्जुन, कुणी म्हणतं भगीरथ. आणि त्याच खडकावर खाली एक मांजर अगदी त्याच पोझमध्ये उभं आहे, पुढचे पाय वर, आणि त्याच्या पायाशी उंदीर! ढोंगी तपस्वी मांजराची ही गोष्ट महाभारतातही आहे. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटालाही माहीत होतं की पोझ सेम असते, आत काय चाललंय ते वेगळं. तुम्ही निदान गॅसच्या नंबरचा विचार करताय, उंदराचा नाही.

स्थितप्रज्ञाची खूण गीतेने दिलीये ती झाडाची नाहीच, कासवाची आहे. कासव अवयव आत ओढून घेतं तशी इंद्रियं जो विषयांतून आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर, दुसऱ्या अध्यायातला श्लोक. माउलींनी त्यावर लिहिलंय,

कां कूर्म जियापरी । उवाइला अवेव पसरी ।
ना तरी इच्छावशें आवरी । आपुले आपण ॥

'उवाइला' म्हणजे खुशीत आलेला. मला यातलं तेच आवडतं, कासव खुशीत असलं की पाय पसरतं, मनात आलं की आवरून घेतं, दोन्ही त्याच्या मर्जीने. तुमच्या तिकडे कुठल्याही जुन्या शंकराच्या देवळात जा, नंदीनंतर गाभाऱ्याच्या अलीकडे फरशीत दगडी कासव असतं, आपण वाकून हात लावून पुढे जातो. ते तिथे याच्यासाठीच, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे हे प्रतीक तुम्हाला लहानपणापासून माहितीये, क्लासमध्ये कुणी ते कूर्मासन म्हणून सांगितलं तर पटकन आत जाईल, कारण हाताला त्या दगडाचा गारवा आठवतो. अर्थ असा यावा लागतो, वरून ओतून भागत नाही.

वीरभद्रासन. हे हठप्रदीपिकेत नाही, घेरंडसंहितेतही नाही. हठप्रदीपिकेत मुळात आसनं पंधराच आहेत आणि बहुतेक बसायची. पाय लांब टाकून, गुडघा वाकवून, हात पसरून उभं राहायची जी पोझ आपण करतो ती विसाव्या शतकात म्हैसूरचे योगशिक्षक कृष्णमाचार्य यांच्या शिष्यपरंपरेतून रुळली, आणि जगभर नेली ती बी. के. एस. अय्यंगारांनी, जे १९३७ साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. म्हणजे आसन नवं आहे. नवं आहे म्हणून खोटं असं मी म्हणत नाही, साबुदाण्याची खिचडी पण काही पेशव्यांच्या आधीची नसणार. पण त्याला नाव दिलंय ती गोष्ट मात्र पुराणातली, आणि ती तुमच्या सरांनी अर्धीच सांगितलीये.

पूर्ण गोष्ट अशी. दक्षाने मोठा यज्ञ मांडला, सगळ्या देवांना आवतण दिलं, फक्त लेकीला आणि जावयाला नाही. शंकर म्हणाला, बोलावलं नाही तिथे जाऊ नये. सती म्हणाली, माझं माहेर आहे, मला कशाला बोलावणं लागतंय, आणि गेली. तिथे बापाने सगळ्यांसमोर नवऱ्याचा अपमान केला, तिला तो सोसला नाही, तिने तिथेच देह टाकला. शंकराला हे कळलं तेव्हा त्याने जटा उपटून जमिनीवर आपटली आणि त्यातून वीरभद्र उभा राहिला. त्याने यज्ञ उधळला, दक्षाचं मुंडकं उडवलं. पुढे राग ओसरल्यावर दक्षाला बोकडाचं डोकं लावून जिवंत केलं, राहिलेला यज्ञ पुरा झाला. काही पुराणांत पुढे असं आहे की शंकर सतीचा देह खांद्यावर घेऊन वेड्यासारखा हिंडत राहिला आणि तिचे अवयव जिथे जिथे पडले तिथे शक्तिपीठं झाली.

आता मला सांगा, यात अहंकाराचा वध आहे का? आहे, दक्षाच्या. पण वीरभद्र कुठून आला, तर ज्याचं माणूस गेलं त्याच्या केसांतून. तो दुःखातून आलेला राग आहे. आणि गोष्ट सुरू होते माहेरच्यांनी न कळवलेल्या लेकीपासून. तुम्ही वीरभद्रासनात उभ्या राहता, पुढच्या हाताच्या बोटांवरून नजर लांब टाकता, तेव्हा तिथे कोण दिसतं ते मला माहीत नाही, तुम्ही बघा. दिसला भाऊ तर दिसू द्या. पाय घट्ट रोवलेले असतील, श्वास चालू असेल, तर तेवढा वेळ रागाला उभं राहायला जागा मिळते, हे माझं मत, शास्त्रात शोधू नका. भावाशी बोलायचं की नाही ते तुम्ही विचारलेलं नाही म्हणून मीही सांगत नाही.

त्रिकोणासन, पर्वतासन, हलासन यांच्यात खोल काही शोधत बसू नका. नांगरासारखं दिसतं म्हणून हलासन. 

पद्मासनावर मात्र मी तुमच्या सरांशी भांडायला तयार आहे. चाळिशीत एका शिबिरात शिकवणाऱ्या गृहस्थांनी मागून माझ्या मांड्या दाबल्या, थोडंसंच राहिलंय, थोडंसंच राहिलंय म्हणत, आणि गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला, तो शेजारच्या बाईलाही ऐकू गेला. आजही जिना उतरताना मी कठड्याला धरते. होतं काय की पद्मासनात खरं वळायचं असतं ते खुब्याने. खुबा जेवढा बाहेर वळेल तेवढाच पाय वर येतो. तो अडला आणि आपण तरी ओढत राहिलो की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघ्याचं काम बिजागरीचं, त्याला पीळ सोसत नाही, आतली गादी चिरडते. खुब्याचा सांधा कुणाचा कसा घडलाय ते जन्माचं असतं, त्याचा साधनेशी काही संबंध नाही.

आणि शास्त्रच हवं असेल तर सरांना तीन गोष्टी सांगा. पहिली, हठप्रदीपिकेत सगळ्यात वरचा मान सिद्धासनाला आहे, पद्मासनाला नाही, किमन्यैर्बहुभिः पीठैः सिद्धे सिद्धासने सति असं स्पष्ट लिहिलंय, सिद्धासन साधलं तर बाकीची ढीगभर आसनं कशाला. दुसरी, योगसूत्रावरचं व्यासभाष्य, म्हणजे व्यासांच्या नावाची जुनी टीका, काढा. त्यात आसनांची यादी आहे, पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, मग सोपाश्रय, म्हणजे टेकू घेऊन बसणं! पुढे हत्ती बसतो तसं, उंट बसतो तसं, आणि यादीच्या शेवटी काय आहे माहितीये, यथासुख. जसं बरं वाटेल तसं. इतक्या जुन्या भाष्यकाराने टेकू घेऊन बसायला परवानगी दिलीये आणि आपण उशी मागायला लाजतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. नाथपंथाची मूळ कथा अशी की क्षीरसागराच्या काठी शंकर पार्वतीच्या कानात गुह्य सांगत होता आणि माशाच्या पोटात लपलेल्या मत्स्येंद्रनाथांनी ते ऐकलं. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी हीच परंपरा सांगितलीये, 'मकरोदरीं गुप्तु'. क्लासमध्ये अंग पिळायचं जे अर्धमत्स्येंद्रासन करता ते यांच्याच नावाचं. पुढची ओवी बघा,

तो मत्स्येंद्र सप्तशृंगीं । भग्नावयवा चौरंगी ।
भेटला कीं तो सर्वांगीं । संपूर्ण जाला ॥

चौरंगीनाथांचे हातपाय तोडलेले होते. सप्तशृंगीला, म्हणजे आपल्या वणीच्या गडावर, मत्स्येंद्रनाथ भेटले आणि ते संपूर्ण झाले. आधी पद्मासन घालून दाखव मग बोलू, असं काही मत्स्येंद्रनाथ म्हणाल्याचं माउलींनी लिहिलेलं नाही! खुर्चीत बसा, पाठ सरळ ठेवा, पुढचं दार वगैरे जे काय असेल ते तिथूनही दिसतं.

सासूबाईंबद्दल, त्यांना तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त माहिती आहे. हरिपाठाचा पाचवा अभंग काय आहे, योगयागविधी येणें नोहे सिद्धी, वायांचि उपाधि दंभधर्म. बाई पुराव्यानिशी बोलतायत! आणि दुसरीकडे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं जे वर्णन आहे, नागिणीचें पिलें कुंकुमें नाहलें, वळण घेऊनि आलें सेजे जैसें, कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं करून निजलंय, ते वाचताना अंगावर काटा येतो. दोन्ही आपल्याकडे माउलींचंच म्हणून म्हटलं जातं, आणि आपल्या बायका दोन्ही म्हणत आल्यात, कुणी एक निवडा म्हणून अडवलं नाही. सासूबाईंना एकदा विचारा की विठोबा कसा उभा आहे. समचरण. दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे ताणलेले नाहीत, हात कमरेवर, घाई नाही. तुम्ही क्लासच्या सुरुवातीला जे ताडासन करता ते याहून वेगळं काय असतं? मी तर ताडासनात दुसरं काही मनात आणतच नाही, वीट आठवते, एवढीशी जागा आणि तीत मावून उभं राहायचं. हा माझा अर्थ, सरांचा नव्हे आणि कुठल्या ग्रंथातला नव्हे, पण मला तो पुरतो.

क्लास सोडू नका एवढ्यात. दीड वर्षाची सकाळची सवय आणि पंधरा ओळखीचे चेहरे, बाबा गेल्यानंतरच्या दिवसांत हे कमी नसतं. उदबत्ती आणि 'तुम्ही नाही आहात' ही दोन्ही बंद होतायत का बघा. सर ऐकतील असं मला वाटतं, तळमळीने शिकवणारा माणूस बहुतेक वेळा ऐकतो, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नाही ऐकले, पुन्हा आसक्तीचं लेक्चर दिलं, तर शेवटच्या दहा मिनिटांआधी मॅट गुंडाळायची आणि रामराम करून निघायचं, फी पूर्ण महिन्याची असली तरी. आणि हे घाम फुटणं, छाती धडधडणं रात्रीचंही होत असेल, झोप उडाली असेल, किंवा महिने गेले तरी कमी होत नसेल तर आधी डॉक्टरांकडून बीपी-शुगर बघून घ्या, ५२ म्हणजे पाळी जायचं वय, त्याचाही घाम असू शकतो, आणि मग समुपदेशकाकडे जाऊन या. मिरजेत डॉक्टरांची काही वानवा नाही.

राहिला ता. क. वज्रासन जेवणानंतर चालतं, पोट भरलेलं असताना करतात अशा मोजक्या आसनांतलं ते एक, पाच-दहा मिनिटं पुरे. तुमच्या गुडघ्याला मात्र पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये गोधडीची जाड घडी लागेल, आणि घोट्याखाली नॅपकिनची गुंडाळी. तरी दुखलं तर उठा. आणि गंमत सांगू का, माउलींनी त्याच सहाव्या अध्यायात 'वज्रासन' म्हटलंय ते हे नव्हेच, टाच शिवणीला लावून बसायचं ते, सिद्धासनाच्या जातीचं. नाव तेच, बैठक वेगळी. म्हणजे सरांनी उद्या वज्रासनाचा अर्थ सांगायला घेतला तर कुठल्या वज्रासनाचा ते आधी विचारून घ्या. अगदीच नाही जमलं तर सरळ शतपावली घाला, सासूबाईंना बरोबर घ्या, त्या हरिपाठ म्हणतीलच, पाचव्या अभंगापाशी जरा मोठ्याने म्हणाल्या तर मनावर घेऊ नका.

तुमची,
ताई